सख्खे असल्याचा पुरावा

अमेरिकेची नागरिक झालेली बहीण हिंगोलीतल्या भावाला कायमचे बोलावून घेऊ पाहते, तेव्हा तो आपला भाऊ आहे हे तिला कागदावर दाखवावे लागते. गावात कुणाला त्याची शंका नसते. म्हणूनच तसा कागद कुणी कधी केलेला नसतो. मग दुसऱ्याच कामासाठी झालेले कागद धुंडाळावे लागतात. नमुन्यासाठी एक जोडी कल्पू: बहीण 1955 ची, भाऊ 1964 चा.

आधी जन्मस्थळ. 1955 साली हिंगोली हैदराबाद राज्यात होती. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. म्हणजे या बहीणभावांची जन्मराज्ये वेगळी, जिल्हा मात्र एकच, परभणी. हिंगोली जिल्हा झाला 1 मे 1999 ला. दाखल्यावर ‘जिल्हा हिंगोली’ असेल तर तो त्या तारखेनंतर दिला गेला, एवढे निश्चित. मूळ नोंद किती जुनी, हे त्यावरून कळत नाही.

ती नोंद सापडेलच असे नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा 1969 चा, अंमल 1 एप्रिल 1970 पासून. दोघेही त्याआधी जन्मलेले. शिवाय पहिले बाळंतपण माहेरी करायची रीत. बहीण आईचे पहिले मूल असेल, तर तिची नोंद आजोळच्या गावी शोधायला हवी. हा तर्क आहे, पण तो तपासल्याशिवाय सोडू नये. शोधूनही हाती काही लागले नाही, तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यायचा आणि आईवडिलांची किंवा वयाने मोठ्या जवळच्या नातलगांची प्रतिज्ञापत्रे जोडायची. ही प्रतिज्ञापत्रे चालतात, पण ती आज दिलेली साक्ष आहे. जन्माच्या काळाजवळचा कागद त्याहून मोलाचा.

तो बहुधा शाळेत मिळतो. शाळेचे जनरल रजिस्टर उघडले, की 1 जून ही जन्मतारीख ओळीने भेटत जाते. जूनमध्ये शाळा सुरू होई, आणि पालकांना तारीख ठाऊक नसली की गुरुजी अंदाजाने हीच तारीख घालत. तेव्हा 1 जून दिसला की तारखेवर फार भार टाकू नये. त्याच ओळीतले वडिलांचे नाव मात्र भक्कम असते. मुलगा, वडील, आडनाव या क्रमाने लिहिलेली भावाची आणि बहिणीची नोंद शेजारी ठेवली, की मधले नाव जुळते. त्या वेळी अमेरिका कुणाच्या मनातही नव्हती. म्हणून ही नोंद मला प्रतिज्ञापत्रापेक्षा अधिक बोलकी वाटते.

लग्नानंतर बहिणीचे मधले नावही बदलते आणि आडनावही. त्या काळातल्या पुष्कळ लग्नांची नोंदणी झालेली नाही. अशा वेळी ट्रंकेत राहिलेली लग्नपत्रिका आधाराला येते: तिच्यात वधूचे माहेरचे नाव, वडील, वर, तिथी आणि गाव एकत्र छापलेले असते. पत्रिका म्हणजे विवाहाचा दाखला नव्हे. पण दोन नावांची स्त्री एकच, हे ती दाखवते.

आता दुसऱ्या टोकाचे कागद. 1946 च्या कायद्याने अमेरिकेत भारताला वर्षाला 100 जागांचा कोटा मिळाला होता. 3 ऑक्टोबर 1965 ला सही झालेल्या कायद्याने ती चौकट मोडली आणि नागरिकांच्या भावंडांना पसंतीक्रमात मोठी जागा दिली. 1990 च्या कायद्यापासून भावंडांच्या या गटाला, म्हणजे चौथ्या पसंतीला, सगळ्या देशांचा मिळून, वर्षाला सुमारे 65,000 व्हिसा आहेत, आणि एका देशाला किती द्यायचे यावरही मर्यादा आहे. परिणाम दरमहा निघणाऱ्या व्हिसा पत्रकात दिसतो: 2023 च्या जानेवारीत भारतीय भावंडांची पाळी 2005 सालच्या अर्जांपर्यंत आली होती.

आपल्या भावाचा अर्ज 2005 चा धरू, आणि त्याचा मुलगा 2000 चा. पाळी येईतो मुलगा तेवीस वर्षांचा. बापाबरोबर जायचे तर त्याचे वय एकविसाच्या आत हवे. 2002 चा बालदर्जा संरक्षण कायदा इथे थोडी वाट देतो: अर्ज मंजूर होण्याआधी कार्यालयात जितके दिवस पडून राहिला, तितके वयातून वजा होतात. मंजुरीनंतर रांगेत गेलेली वर्षे वजा होत नाहीत. म्हणून मंजुरीपत्रावरच्या दोन तारखा पाहायच्या, अर्ज दाखल झाल्याची आणि मंजुरीची. दोहोंत तीन वर्षे गेली असतील तर मुलगा वडिलांसोबत जाऊ शकतो. एकच गेले असेल तर तो हिंगोलीतच राहतो.