निंबाळकरांचें स्थान

भाऊसाहेब निंबाळकरांस थोर फलंदाजांच्या पंक्तीस बसवावें कीं नाहीं? १९४८ च्या डिसेंबरांत पुणें मुक्कामीं काठेवाडविरुद्ध त्यांनीं नाबाद ४४३ धावा काढिल्या. ब्रॅडमनच्या ४५२ स अवघ्या ९ उणें असतां प्रतिपक्षाचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनीं सामनाच सोडून दिला! ही कृति खिलाडू नव्हे. गोलंदाजी दुबळी होती, हा आक्षेप क्षणभर मान्य करूं. पण तिच्यावरच भांडारकरांस २०५ च साधल्या. कसोटी सामना त्यांस एकहि मिळाला नाहीं, हें खरें. परंतु निवड करणारांचें तें कृत्य फलंदाजाच्या खातीं उणें म्हणून मांडणें न्यायाचें नव्हे. २०१२ सालीं ते निवर्तले; नियामक मंडळाचा सी. के. नायडू पुरस्कार मिळाला तोहि ऐंशी ओलांडल्यावर.