नकाराचा हक्क आणि त्याची मर्यादा

आपला माल कोणास विकावा आणि कोणास विकूं नये, हें ठरविण्याचा हक्क व्यापाऱ्यास असतो, हें तत्त्व फार जुनें आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेंही १९१९ सालीं कोलगेट कंपनीच्या खटल्यांत तें मान्य केलें. मात्र मक्तेदारी निर्माण करण्याचा किंवा टिकविण्याचा हेतु नसावा, अशी अट त्याला जोडली. या अटीचा खरा अर्थ काय, हें बत्तीस वर्षांनीं ओहायो संस्थानांतील लोरेन नांवाच्या एका शहराच्या खटल्यानें स्पष्ट झालें.

लोरेन हें ईरी सरोवराच्या कांठचें, त्या वेळीं सुमारें ५२,००० वस्तीचें शहर. तेथें ‘जर्नल’ नांवाचें दैनिक निघे. त्याच्या चालकांनीं १९३२ सालीं गांवांतील एकमेव प्रतिस्पर्धी दैनिक, ‘टाइम्स-हेरल्ड’, विकत घेतलें. पुढें शहरांत ‘जर्नल’च्या १३,००० हून अधिक प्रती खपूं लागल्या आणि शंभरांपैकीं नव्याण्णव कुटुंबांत तें पोंचूं लागलें. आपल्या मालाची वार्ता घरोघर पोंचवावयाची, तर लोरेनच्या दुकानदाराला त्यावांचून गत्यंतर नव्हतें.

१९४८ सालीं आठ मैलांवरील एलिरिया येथें एक नभोवाणी केंद्र निघालें. त्याच्या नांवांतील ई, ओ आणि एल हीं अक्षरें एलिरिया, ओबर्लिन आणि लोरेन या तीन गांवांचीं आद्याक्षरें होत. लोरेनमध्यें त्याची शाखाही होती, आणि त्याचा निर्वाह जाहिरातींवर चाले. नव्या स्पर्धकाशीं सामना करण्याचे सरळ मार्ग दोन होते: दर उतरविणें, किंवा आपलें पत्र अधिक चांगलें काढणें. ‘जर्नल’नें तिसराच मार्ग धरला. जो स्थानिक दुकानदार त्या केंद्रावर जाहिरात देईल, किंवा देण्याच्या बेतांत असेल, त्याची जाहिरात ‘जर्नल’ स्वीकारीनासें झालें. असे दुकानदार कोण, हें कळावें म्हणून केंद्राचे कार्यक्रम मुद्दाम ऐकले जात. ज्याचें नांव ऐकूं येई त्याचा करार रद्द होई, आणि नभोवाणीशीं संबंध तोडल्यावरच तो पुन्हा जोडला जाई.

नकार मिळत होता तो दुकानदारांना. घाव मात्र पडत होता नभोवाणीवर. एका स्पर्धकानें दुसऱ्याचें गिऱ्हाईक गुणानें ओढलें नाहीं, तर भीतीनें अडविलें. या धोरणामुळें आपण नभोवाणीवरील जाहिराती बंद केल्या किंवा देण्याचा विचार सोडला, अशी साक्ष अनेक व्यापाऱ्यांनीं पुढें न्यायालयांत दिली.

१९४९ सालीं सरकारनें १८९० च्या शर्मन कायद्याखालीं फिर्याद केली. गिऱ्हाईक निवडणें हा आपला खासगी हक्क आहे, आणि मनाई हुकुमानें मुद्रणस्वातंत्र्यावर गदा येते, असा बचाव ‘जर्नल’च्या वतीनें करण्यांत आला. जिल्हा न्यायालयानें निकाल विरुद्ध दिला, आणि डिसेंबर १९५१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो कायम केला. न्यायमूर्ति बर्टन यांनीं लिहिलेल्या निर्णयाचा आशय असा: निवड करण्याचा हक्क आहे, पण तो निरंकुश नाहीं, मक्तेदारीचें हत्यार म्हणून तो वापरतां येणार नाहीं, आणि मुद्रणस्वातंत्र्य हें अशा व्यापारी दडपणाचें कवच नव्हे. केंद्र तगून होतें, तरीही प्रयत्नच दंडनीय ठरला. स्पर्धक मरेपर्यंत कायद्यानें वाट पाहावी, असें नाहीं.

भारताच्या २००२ च्या स्पर्धा अधिनियमांतही असेंच तारतम्य आहे. एकाशींच व्यवहार करण्याचे किंवा अन्य कोणाशीं व्यवहार नाकारण्याचे करार कलम ३ नें सरसकट निषिद्ध केलेले नाहींत; स्पर्धेला लक्षणीय बाध येत असेल, तरच ते वर्ज्य. प्रबळ स्थानाचा दुरुपयोग मात्र कलम ४ प्रमाणें निषिद्ध आहे. बाजारांत दहा दुकानें असतां एकानें नाहीं म्हटलें, तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानाची पायरी चढतें. दुकानच एक असेल, तर त्याचा नकार हा हुकूम होतो.

लोरेनच्या खटल्यांत मनाई हुकुमाबरोबर न्यायालयानें आणखी एक अट घातली होती. निकालाचा आशय वाचकांस कळावा म्हणून ‘जर्नल’नें पंचवीस आठवडे, आठवड्यांतून निदान एकदां, तशी सूचना छापावयाची होती. ज्या पत्रानें जाहिरातींना जागा नाकारली, त्याच पत्राला आपल्याविरुद्धच्या निकालासाठीं जागा काढावी लागणार होती.