डाकोटातील एक हिवाळा

राजेरजवाड्यांच्या मोहिमांची दप्तरे इतिहासकारास सापडतात. परंतु एखाद्या खेड्याने एक हिवाळा कसा काढला, याचे दप्तर कोण ठेवणार? तेथे आठवणींवरच विसंबावे लागते. आठवण ही साक्षीदार खरी. पण ती काय सांगते याबरोबरच काय गाळते, हेही पाहणे प्राप्त होते. अमेरिकेच्या डाकोटा प्रदेशातील डी स्मेट या गावचा १८८०-८१ चा हिवाळा या दृष्टीने विचार करण्यासारखा आहे.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतवाल्यांना १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळू लागली होती. ही भूमी मूळची डाकोटा लोकांची, हे येथे विसरता कामा नये. १८८० साली आगगाडीचे रूळ आले आणि त्यांच्या कडेला हे गाव उभे राहिले. धान्य, कोळसा, रॉकेल, सारे काही गाडीनेच यावयाचे. आसमंतात झाड म्हणून नव्हते. म्हणजे जिने गावास जन्म दिला, तिच्याच हाती त्याचा घास होता.

ऑक्टोबरच्या मध्यासच पहिले हिमवादळ आले. पुढे वादळांमागून वादळे येत राहिली. रुळांवरील हिम मजुरांनी उपसावे आणि दुसऱ्या वादळाने ते पुन्हा भरून टाकावे, असा क्रम चालला. जानेवारी १८८१ मध्ये गाडी बंद पडली, ती मे महिन्यापर्यंत आली नाही.

कोळसा संपला तेव्हा लोक वाळलेल्या गवताचे पीळ घालून तेच जाळू लागले. पीठ संपले तेव्हा कॉफी दळण्याच्या लहानशा यंत्रात गहू भरडून त्याची भाकरी होऊ लागली. पुढे गहूही संपत आला. तेव्हा दोन तरुण कित्येक मैल हिमातून गेले आणि एका शेतकऱ्याने पेरणीसाठी राखलेला गहू विकत घेऊन आले. बियाणे विकणे म्हणजे काय, हे आपल्याकडील कुणब्यास सांगावयास नको.

हा वृत्तांत प्रसिद्ध झाला तो मुख्यतः लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या ‘द लाँग विंटर’ या १९४० च्या कादंबरीमुळे. त्या हिवाळ्याच्या आरंभी त्या तेरा वर्षांच्या होत्या. कादंबरीत त्यांचे कुटुंब घरात एकटेच संकटाशी झुंजताना दिसते. परंतु १९३० च्या सुमारास लिहिलेले त्यांचे आत्मकथन २०१४ साली छापले गेले, त्यात निराळीच हकीकत आढळते. त्या घरात सारा हिवाळा एक तरुण जोडपे आणि त्यांचे तान्हे मूलही राहत होते. पाहुणे कामास फारसा हात लावीत नसत, अशी तक्रारही तेथे नमूद आहे. कादंबरीतून मात्र ते तिघेही नाहीसे झाले.

लेखिकेस यासाठी दोष देण्याचे कारण नाही. कादंबरीची गरज निराळी असते. तथापि इतिहासाच्या दृष्टीने जे गाळले गेले तेच मोलाचे होय. स्वावलंबनाची कथा सुबक होते, कारण तिच्यात कुरबुर नसते. प्रत्यक्षात ते घर तगले ते दुसऱ्याच्या बियाण्यावर. आणि त्याच तुटपुंज्या गव्हातून, मनात कुरकुरत का होईना, त्याने आणखी तिघांस हिवाळ्यापार नेले. ज्यांच्याविषयी प्रेम आहे त्यांस वाटा देणे सोपे आहे. नकोशा माणसालाही पानावरून उठवावयाचे नाही, एवढा नियम कठीण काळात पाळला गेला, हीच त्या हिवाळ्याची खरी थोरवी होय.