अंगणात आलेली शाळा

लहान मुलाचे शिक्षण सहाव्या-सातव्या वर्षी, पाटी हातात आल्यावर सुरू व्हायचे. तोवर त्याने घरात खेळावे, असाच आपल्याकडे पूर्वापार समज होता. पण ते खेळणे हेच त्याचे शिक्षण होय, असे सांगणारी माणसे निघाली. इ. स. १९०७ मध्ये मारिया माँटेसरीबाईंनी रोममधील गरीब वस्तीत बालगृह उघडले. १९२० मध्ये गिजुभाई बधेका यांनी भावनगर येथे बालमंदिर काढले. त्यांच्याबरोबर काम करून ताराबाई मोडक यांनी हे शास्त्र आत्मसात केले.

परंतु अशी बालमंदिरे मुख्यतः शहरातील सुस्थितीतल्या मुलांच्याच वाट्याला येत. खेड्यातील मुलांचे काय? या प्रश्नाने ताराबाईंना १९४५ मध्ये बोर्डीस नेले. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, तरी गरिबांच्या वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. तेव्हा या भगिनींनी मुलांना दोष दिला नाही. त्या स्वतःच वस्तीत गेल्या. मुलांना न्हाऊमाखू घालावे, मग अंगणातच गाणी, गोष्टी, खेळ घ्यावेत. साधने कोणती? शिंपले, बिया, खडे, पाने! हीच अंगणवाडी.

१९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेले. तेथे एक गोष्ट ध्यानी आली. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेली मुलगी शाळेत येणार कशी? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र चालविली. धाकट्याची सोय झाली आणि थोरलीच्या हाती पाटी आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. आज अंगणवाडी देशभर गावोगावी पोहोचली आहे.

मैत्रिणींनो, आपण मात्र तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन त्याची अक्षरे मोजत बसतो. त्याला माती, पाणी, गाणे द्यावे. अक्षरे मागाहून आपोआप येतील. आणि आपल्याकडे कामास येणाऱ्या बाईला एवढे अवश्य विचारावे, “धाकट्याला कोण सांभाळते?” उत्तर “थोरली” असे आले, तर आपल्या मंडळाचे पुढील वर्षाचे काम ठरले असे समजावे.