पदवीचे मोल आणि पदाचा पगार

'आजकाल पदवीला किंमत उरली नाही' हे वाक्य नागपूरच्या महाविद्यालयांतील शिक्षक-कक्षांत इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की ते तपासून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. आम्हांला ते अर्धेच खरे वाटते. नोकरीच्या दारात पदवीची किंमत घटलेली नाही, उलट वाढली आहे. पूर्वी मॅट्रिक पुरे होती तेथे आज पदवीधरही रांगेत उभा दिसतो. घटले आहे ते दारातून आत गेल्यावर हाती पडणारे दाम. या दोन गोष्टींची फारकत कशी झाली, हे नागपूरच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासात पाहता येते.

पदवी आणि नोकरी यांची गाठ आपल्याकडे सरकारनेच बांधली. इंग्रजी शिक्षण घेतलेल्यांस सरकारी नोकरीत प्राधान्य द्यावे, असा ठराव गव्हर्नर-जनरल हार्डिंग याने १८४४ मध्ये केला. त्यानंतर दहा वर्षांनी, १८५४ मध्ये, भोसल्यांचे नागपूर राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये नागपूर मध्यप्रांताची राजधानी बनले. राजधानी म्हणजे कचेऱ्या, आणि कचेऱ्या म्हणजे कारकून. १८८३ मध्ये हिस्लॉप आणि १८८५ मध्ये मॉरिस कॉलेज निघाले. पुढे १९२३ मध्ये सर बिपिनकृष्ण बोस यांच्या कुलगुरुपदाखाली नागपूर विद्यापीठ सुरू झाले. येथील उच्च शिक्षण कचेरीच्या सावलीत वाढले, असे म्हणण्यास हरकत नाही.

कचेरीचा एक नियम मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. तेथे पगार माणसाला नसतो, पदाला असतो. कारकुनाच्या खुर्चीत मॅट्रिक झालेला बसो की बी.ए., वेतनश्रेणी एकच. जादा शिक्षणाने खुर्ची मिळण्याची शक्यता वाढते. खुर्चीचा पगार वाढत नाही. म्हणजे पदवी हे दारावरचे तिकीट ठरते. सर्वांजवळ तिकीट आले की दारावरचा माणूस वरच्या दर्जाचे तिकीट मागू लागतो, आतले आसन मात्र तेच राहते. १९३० नंतरच्या मंदीत हा प्रश्न देशभर तीव्र झाला. शेजारच्या संयुक्त प्रांतात सुशिक्षितांच्या बेकारीचा विचार करण्यासाठी सर तेजबहादूर सप्रू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तिचा अहवाल १९३५ चा आहे. 'सुशिक्षित बेकार' हे प्रकरण स्वातंत्र्योत्तर काळाची देणगी नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

नागपूरच्या बाबतीत १९५६ हे वर्ष निर्णायक ठरले. १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्यपुनर्रचना अमलात आली आणि नागपूरचे राजधानीपद गेले. पहिल्या घटनेने एका मोठ्या समाजाची शिक्षणाची आकांक्षा शतपटीने वाढवली. त्याच दीक्षाभूमीवर १९६४ मध्ये डॉ. आंबेडकर महाविद्यालय उभे राहिले. दुसऱ्या घटनेने, शिकून जेथे जावयाचे त्या कचेऱ्याच भोपाळकडे आणि मुंबईकडे सरकल्या. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात सरकारी नोकऱ्यांत वाटा देण्याचे वचन होते. ते कितपत पाळले गेले, हा वाद आजही मिटलेला नाही. दारे कमी झाली आणि तिकिटे घेऊन येणारे वाढले. आमच्या मते नागपूरच्या सुशिक्षित तरुणाच्या पगाराची कथा या अठरा दिवसांच्या अंतरात दडलेली आहे.

पुढची भर १९८३ नंतरची. विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना राज्य सरकारने परवानगी दिली आणि १९८४ मध्येच नागपुरात यशवंतराव चव्हाण व रामदेवबाबा ही अभियांत्रिकी महाविद्यालये सुरू झाली. त्यांच्यामागून आणखी आली. दुसऱ्या बाजूस, जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली एम्प्रेस मिल रखडत रखडत २००२ मध्ये कायमची बंद पडली. ज्या शहरात अभियंते तयार होत होते त्याच शहरातला सर्वांत जुना मोठा कारखाना मिटला.

येथे अर्थशास्त्राची थोडी मदत घेऊ. कामाला लागते त्याहून अधिक शिकलेल्या माणसाचा प्रश्न अमेरिकेत १९७० नंतर चर्चेत आला. रिचर्ड फ्रीमन यांचे अतिशिक्षित अमेरिकनांविषयीचे पुस्तक १९७६ चे. १९८१ मध्ये ग्रेग डंकन आणि सॉल हॉफमन यांनी एक साधी युक्ती केली. माणसाच्या शिक्षणाच्या वर्षांची त्यांनी विभागणी केली: कामाला आवश्यक असलेली वर्षे आणि जादाची वर्षे. त्यांना असे दिसले की जादाचे वर्ष अगदीच वाया जात नाही, पण त्याचा मोबदला आवश्यक वर्षाच्या सुमारे निम्माच मिळतो. म्हणजे कमी दर्जाच्या कामावरचा पदवीधर आपल्या कमी शिकलेल्या सहकाऱ्याहून थोडे अधिक मिळवतो, आणि योग्य कामावर असलेल्या आपल्या वर्गमित्राहून बरेच कमी. नंतर इतर देशांतील अनेक अभ्यासांतही साधारण हेच चित्र दिसले.

आपल्याकडे मात्र हा हिशेब याहून विचित्र वळण घेतो. २०१६ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या कार्यालयातील हमालाच्या ५ पदांसाठी दोन हजारांहून अधिक अर्ज आले. पात्रता चौथी उत्तीर्ण एवढीच होती. अर्जदारांत नऊशेहून अधिक पदवीधर होते आणि एम.फिल. झालेलेही होते. वर्तमानपत्रांनी ही बातमी हळहळून छापली. त्या तरुणांना वेड लागले नव्हते. ते हिशेब करीत होते, आणि तो हिशेब बरोबर होता.

तो कसा, ते पाहा. १ जानेवारी २०१६ पासून लागू धरलेल्या सातव्या वेतन आयोगानुसार महाराष्ट्रात सर्वांत खालच्या पदाचे मूळ वेतन १५,००० रुपयांपासून सुरू होते, भत्ते वेगळे. त्याच काळात डी.एड. किंवा बी.एड. होऊन शाळेत लागलेल्या तरुणास काय मिळत होते? २००० साली राज्यात शिक्षणसेवक योजना आली. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे वेतनश्रेणीवर नव्हे, तर ठोक 'मानधना'वर काम करावयाचे. २०१२ पासून हे मानधन प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,००० रुपये होते. ते थेट २०२३ मध्ये १६,०००, १८,००० आणि २०,००० झाले. म्हणजे एम.ए., बी.एड. होऊन अकरावीच्या वर्गावर मराठी शिकवणाऱ्या तरुणाचे मानधन, वर्गाबाहेरची घंटा वाजवणाऱ्या कायम शिपायाच्या नुसत्या मूळ वेतनाहूनही कितीतरी वर्षे कमी होते. शिपायाचा पगार अधिक होता असा याचा अर्थ नव्हे. तो रास्तच होता. शिक्षकाच्या मोबदल्याला वेतन हे नावच नव्हते, एवढाच याचा अर्थ.

साहित्याच्या अभ्यासकांनी या शब्दाकडे बारकाईने पाहावे. मानधन म्हणजे मानापोटी दिलेले धन. व्याख्यात्याला, परीक्षकाला, कवीला द्यावयाची ती रक्कम. ज्याचा चरितार्थ अन्यत्र चालतो त्याला केलेला सन्मान. ज्याचा चरितार्थ त्यावरच चालावयाचा आहे त्याच्या मजुरीला हा शब्द लावला, की मजुरीबरोबर येणारे सारे हक्क हलकेच गळून पडतात. महागाई भत्ता नाही, वार्षिक वाढ नाही, निवृत्तिवेतन नाही. मान शब्दात राहतो, धन कमी होते.

महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची स्थिती याचीच पुढची पायरी आहे. नेट, सेट, पीएच.डी. ही त्यांची पात्रता कायम प्राध्यापकाइतकीच, कित्येकदा अधिक. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ च्या जानेवारीत अतिथी अध्यापकासाठी व्याख्यानामागे १,५०० रुपये सुचविले, तेही महिन्याला ५०,००० च्या मर्यादेत. कायम सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतनच ५७,७०० पासून सुरू होते. नेमाड्यांच्या 'बिढार', 'जरीला', 'झूल'मधला चांगदेव पाटील एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जातो. आज त्याच्या वयाचा प्राध्यापक एकाच आठवड्यात तीन महाविद्यालयांत जातो, आणि तरी तो कोठलाच नसतो. समान कामास समान वेतनाचे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने पंजाबच्या एका प्रकरणात २०१६ मध्ये सांगितले. तत्त्व आणि वेतनपत्रक यांतले अंतर अजून बुजलेले नाही.

या साऱ्यावरून 'फार लोक शिकले' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आम्हांस धोक्याचा वाटतो. शिकलेल्यांची गर्दी झाली, ही तक्रार वसाहतकाळातील राज्यकर्तेही करीत, आणि शिक्षणाचे दार अरुंद करण्यास ती उपयोगी पडे. दीक्षाभूमीच्या परिसरातून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या घरातल्या पहिल्या मुलीला ती पदवी केवळ पगारासाठी नको असते. मात्र पदवीने स्वाभिमान मिळतो, म्हणून पगार कमी चालेल, हाही युक्तिवाद तितकाच खोटा. स्वाभिमानाचे भाडे घरमालक स्वीकारत नाही.

एम.ए.च्या वर्गात नवे विद्यार्थी येतात तेव्हा आपण त्यांच्याशी वाङ्मयाविषयी बोलतो, ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या पदवीचे काय मोल होईल, हे तिच्या दर्जाइतकेच नेमणूकपत्रातल्या एका शब्दावर अवलंबून आहे, हेही त्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे. तेथे 'वेतन' लिहिले आहे की 'मानधन', हे वाचावयास शिकवणे भाषेच्या शिक्षकांचेच काम आहे.