गिऱ्हाईक पांढऱ्याचे
आमच्या सावंतवाडीकडच्या घरात दोन तांदूळ असत. रोजच्या पेजेला तांबूस उकडा, पाहुणे आले की पांढरा सुरय. लहानपणी मी सुरयचा हट्ट धरी. उकडा खाणे म्हणजे गरिबी, असे मला वाटे. आजी म्हणे, "पेज खा, अंगाक लागात." तिच्या त्या वाक्याचा इतिहास मला फार उशिरा, कोलकात्यात राहायला आल्यावर वाचनातून समजला. इथेही घरोघरी उकडाच शिजतो.

धान्याच्या दाण्याचे तीन भाग असतात: बाहेरचा कोंडा, टोकाचा अंकुर आणि मधला पिठूळ गर. तिन्ही शाबूत असतील तर ते अख्खे धान्य. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आशियात वाफेच्या गिरण्या आल्या आणि कोंडा, अंकुर दोन्ही निघून जाऊ लागले. कोंड्यातल्या तेलामुळे तांदूळ लवकर खवट होतो. पॉलिश केलेला टिकतो. व्यापाऱ्याला तो सोयीचा आणि गिऱ्हाइकालाही पांढऱ्याचीच हौस.

त्याच काळात बेरीबेरी पसरला. पायांतली शक्ती जाई, सूज येई, हृदय थकून माणसे मरत. जावा बेटावर बटाव्हियात डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमान जंतू शोधत होते. दवाखान्यातला पांढरा भात खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडल्या. बिनपॉलिशचा तांदूळ मिळताच त्या बऱ्या झाल्या. जाव्यातल्या सुमारे शंभर तुरुंगांच्या पाहणीतही पॉलिशच्या तांदळाबरोबरच रोग आढळला. आइकमान यांना पिठात विष असावे असे वाटले. विष नव्हे, उणीव आहे, हे 1901 मध्ये खेरिट ग्रेन्स यांनी सांगितले. ती उणीव ब-1 जीवनसत्त्वाची होती. 1929 चे नोबेल मात्र आइकमान यांना, हॉपकिन्स यांच्यासह, मिळाले.

भारतात हा रोग आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर दिसला. तिथे न उकडलेला, पॉलिशचा तांदूळ खात. उकडा खाणारे बहुतांशी वाचले. साळ उकडताना कोंड्यातले ब-1 आत गरात मुरते, मग सडली तरी बरेचसे उरते. आजीला जीवनसत्त्व ठाऊक नव्हते. उकडायची रीत ठाऊक होती.

1934 मध्ये वर्ध्यात ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. गांधीजी आणि जे. सी. कुमारप्पा यांनी हातसडीचा तांदूळ आणि जात्यावरचे पीठ यांचा आग्रह धरला. त्यामागे आरोग्य होते, तशीच कांडप करणाऱ्या बायांची मजुरीही होती. गिरणीने दोन्ही घेतले.

आता माझ्या रक्तात साखर आहे. डॉक्टर म्हणतात, पांढरा भात कमी करा, ज्वारी-नाचणी खा, पण तीही मोजून. अख्खे धान्य म्हणजे औषध नव्हे. दुकानात बिनपॉलिशचा तांदूळ पांढऱ्याहून महाग मिळतो. तो घेताना आजीचे पान आठवते. माझा हट्ट पुरवून, मला सुरय वाढून, ती स्वतः पेज जेवायची. मी तेव्हा तिच्या ताटाकडे कीव करून पाहत असे.