क्विंटलमागे अर्धा टक्का: अमेरिकेतले सोयाबीन शेतकरी स्वतःच्या वर्गणीतून बाजार कसा उभा करतात?

अमेरिकेतल्या आयोवा किंवा इलिनॉय राज्यात शेतकऱ्याने सोयाबीन विकलं की त्याच्या हिशोबात एक कपात ठरलेली असते. विक्रीच्या निव्वळ किमतीवर अर्धा टक्का. आपल्या हिशोबाने सांगायचं तर 4,000 रुपये क्विंटलचा भाव असेल, तर क्विंटलमागे 20 रुपये. ही रक्कम पहिला खरेदीदारच कापून घेतो आणि पुढे भरतो. तिकडे याला 'सोयाबीन चेकऑफ' म्हणतात.

हा कर नाही, कारण पैसा सरकारी तिजोरीत जात नाही. पण ही देणगीही नाही, कारण नाही म्हणायची सोय नाही.

हे सुरू कसं झालं?

काही राज्यांमध्ये अशी वर्गणी आधीपासून होती. 1990 च्या शेती विधेयकाने ती देशभर लागू केली आणि 1991 पासून कपात सुरू झाली. सुरुवातीला नको असेल तर पैसे परत मागता यायचे. 1994 मध्ये शेतकऱ्यांचं मतदान झालं, निम्म्याहून थोड्या जास्त मतांनी योजना टिकली. पुढच्याच वर्षी परताव्याची सोय बंद झाली.

सक्ती कशासाठी, याचं उत्तर साधं आहे. सोयाबीनच्या मुळांवर सूत्रकृमी नावाची बारीक कीड येते. वरून पीक हिरवंगार दिसतं आणि उत्पादन मात्र घटतं. त्यावर संशोधन झालं तर फायदा सगळ्यांना होतो, ज्याने एक पैसाही दिला नाही त्यालाही. मग पदरचे पैसे आधी कोण काढणार? म्हणून सगळ्यांकडूनच घ्यायचे.

पैसा जातो कुठे?

निम्मा पैसा त्या त्या राज्याच्या सोयाबीन मंडळाकडे राहतो आणि निम्मा 'युनायटेड सोयाबीन बोर्ड' या राष्ट्रीय मंडळाकडे जातो. मंडळावर सत्तरहून जास्त शेतकरी असतात, त्यांची नेमणूक कृषिमंत्री करतात. देखरेख कृषी खात्याची. प्रशासकीय खर्चावर कायद्याने मर्यादा आहे, आणि कायदे बदलून घेण्यासाठी लॉबिंग करायला हा पैसा अजिबात वापरता येत नाही. ते काम 1920 पासून असलेली 'अमेरिकन सोयाबीन असोसिएशन' ही वेगळी संघटना करते.

खरी गंमत पुढे आहे. अमेरिकेत सोयाबीनची पेंड जनावरांना आणि कोंबड्यांना जायची, पण तेलाचं काय करायचं हा प्रश्न असायचा. मग वर्गणीच्या पैशातून तेलाला नवी गिऱ्हाइकं शोधली गेली. 1992 मध्ये राज्यांच्या सोयाबीन मंडळांनी बायोडिझेलसाठी स्वतंत्र संस्था उभी केली. आज तिथे सोयातेलाचा मोठा वाटा इंधनात जातो. फोर्डने 2008 च्या मस्टँग गाडीच्या सीटमध्ये सोयाबीनपासून बनवलेला फोम वापरला, गुडइयरने सोयातेल वापरून टायर काढले. दोन्हींच्या संशोधनाला या मंडळाचा पैसा होता. मिसिसिपी नदीचं पात्र 45 फुटांवरून 50 फूट खोल करायच्या कामालाही त्यांनी 20 लाख डॉलर दिले. कारण? जहाजात जास्त माल बसला की वाहतूक स्वस्त होते आणि भावात फरक पडतो.

परदेशात बाजार तयार करण्याचं काम 'यूएस सोयाबीन एक्स्पोर्ट कौन्सिल' करते, तिलाही हाच पैसा मिळतो. तुम्ही 27 फेब्रुवारीला 'प्रोटीन डे'च्या पोस्ट पाहिल्या असतील, तर त्यामागच्या 'राइट टू प्रोटीन' मोहिमेला याच कौन्सिलचा पाठिंबा आहे. म्हणजे भारतीयांनी प्रथिनं जास्त खावीत, यासाठीच्या खर्चात आयोवाच्या शेतकऱ्याचाही वाटा आहे!

उपयोग होतो का?

मंडळाने करून घेतलेल्या अभ्यासांनुसार एका डॉलरमागे शेतकऱ्यांना सुमारे 12 डॉलर परत मिळतात. अभ्यास मंडळानेच करून घेतलेत, हे लक्षात ठेवून तो आकडा वाचलेला बरा. शिवाय बाजार उभा केला म्हणजे तो हातात राहतोच असं नाही. चीनमध्ये अमेरिकी सोयाबीनसाठी कित्येक वर्षं मेहनत घेतली गेली, आणि 2018 च्या व्यापारयुद्धात चीनने 25 टक्के जादा शुल्क लावताच खरेदी कोसळली. 2025 मध्ये पुन्हा तेच झालं.

टीकाही आहे. सगळ्याच पिकांच्या चेकऑफचे हिशोब खुले करा, अशी मागणी करणारं विधेयक अमेरिकी संसदेत वारंवार मांडलं गेलंय. गोमांसाच्या चेकऑफचं प्रकरण तर सुप्रीम कोर्टात गेलं होतं. ज्या जाहिराती पटत नाहीत त्यांच्यासाठी आमच्याकडून पैसे का घेता, असा तक्रारदारांचा सवाल होता. 2005 मध्ये कोर्टाने वसुली वैध ठरवली.

महाराष्ट्रात याच्या जवळ जाणारी गोष्ट उसात दिसते. साखर कारखाने गाळपाच्या टनामागे ठरावीक रक्कम मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला देतात. सोयाबीनमध्ये मात्र असं काही नाही. 'फुले संगम'सारखं वाण राहुरीच्या कृषी विद्यापीठातून येतं, राष्ट्रीय संशोधन संस्था इंदूरला आहे, आणि दोन्हींचा मुख्य आधार सरकारी निधी. निधी कशावर खर्च व्हावा, हे ठरवणाऱ्या टेबलावर शेतकऱ्याची खुर्ची क्वचितच असते.

अमेरिकेत निदान ही योजना मोडायची वाट कायद्यात आहे. दर 5 वर्षांनी कृषी खातं शेतकऱ्यांना विचारतं, की पुन्हा मतदान हवंय का? 10 टक्के शेतकरी हो म्हणाले तर मतदान घ्यावं लागतं. 2024 मध्येही तेवढे अर्ज आले नाहीत. पुढची विचारणा 2029 मध्ये.